मर्सिडीजचं नाव कुणी कमावलं आणि कुणी खर्चलं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मर्सिडीजचा एवढा दबदबा नेमका कशामुळे झाला. ‘आता ती पूर्वीची राहिली नाही’ असं जो तो म्हणतो त्यात तथ्य किती. आणि सासऱ्यांच्या मित्राकडे १९८२ ची मर्सिडीज २४० डी ही डिझेल गाडी धूळ खात उभी आहे, ती घ्यावी का. मी पुण्यात ३० वर्षं डिझेलची कामं करतोय, त्यातली बरीचशी जर्मन गाड्यांची. तुमचा जीव तिसऱ्या प्रश्नात अडकलाय हे दिसतंय, पण पहिल्या दोन प्रश्नांवरून उडी मारून तिथे पोचता येत नाही.

उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. आमच्या उस्तादांकडे एक २४० डी पिस्टनच्या रिंगा बदलायला आली होती. मालकांनी जर्मनीहून सामान मागवायची तयारी ठेवली होती. उस्तादांनी माझ्या हातावर पैसे टेकवले आणि टेम्पो ट्रॅव्हलरचे पार्ट विकणाऱ्या दुकानात पाठवलं. मला वाटलं, नव्या पोराची थट्टा चाललीय. मी डबा आणून दिला. उस्तादांनी एक रिंग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत घातली, पिस्टनने सरळ खाली दाबली, फीलर गेजची पातळ पाती घालून फट मोजली आणि मान डोलावली. बसली.

बसणारच होती. बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, आकुर्डीत डेम्लर-बेंझच्या परवान्याने ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवत असे. तेच ट्रॅव्हलरमध्ये, तेच ट्रॅक्स जीपमध्ये, आणि तिकडे जर्मनीत तेच २४० डीच्या बॉनेटखाली. बाजाराच्या दिवशी पंधरा-वीस माणसं कोंबून, टपावर शेळ्या आणि पोती लादून जी ट्रॅक्स घाट चढायची, तिच्यात मर्सिडीजचंच काळीज धडधडत होतं. चालकाला त्याचं काही नव्हतं. तो एवढंच सांगायचा, ‘तेल-पाणी बघितलं की झालं, गाडी नाही म्हणत नाही.’

मर्सिडीजच्या नावाबद्दल माझं मत यातच आलं. लोकांना वाटतं, हे नाव राजेरजवाडे, मंत्री, सिनेनट यांनी मोठं केलं. माझ्या मते ते मोठं केलं टॅक्सीवाल्यांनी. श्रीमंत माणूस गाडी तीन वर्षांत बदलतो, गाडी किती टिकते हे त्याला कळतच नाही. ते कळतं ज्याचं पोट तिच्यावर चालतं त्याला.

आता थोडा इतिहास. कार्ल बेंझने मानहाइममध्ये तीन चाकांची मोटारगाडी बनवली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटचा अर्ज केला. एक सिलिंडर, ताकद एका अश्वशक्तीलाही कमी. गाडी झाली, पण घेणार कोण? बेंझ हाडाचा इंजिनिअर, विकण्याच्या बाबतीत शून्य. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन माहेरी फोर्ट्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर, रस्ते बैलगाडीचे. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. एका ठिकाणी तारेचं आवरण खराब झालं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. विसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतलं; तेव्हा ते डाग काढायला वापरत. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेक लायनिंग जन्माला आलं ते रस्त्याच्या कडेला, एका बाईच्या डोक्यातून. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढावर गाडीला आणखी एक गिअर हवा, आणि त्याने तो बसवला. आमच्या धंद्यात पहिला मेकॅनिक कोण असं कुणी विचारलं तर मी बर्थाबाईंचं नाव घेतो. गाडी बनवणारा वेगळा, ती रस्त्यावर चालू ठेवणारा वेगळा.

त्याच वर्षांत तिथून जवळच, कानश्टाटमध्ये, गॉटलीब डेम्लर आणि विल्हेल्म मायबाख हलकी, वेगवान इंजिनं बनवत होते. बेंझ आणि डेम्लर आयुष्यात एकमेकांना भेटले नाहीत असं सांगतात. ‘मर्सिडीज’ हे नाव त्या दोघांच्याही घरातलं नाही. एमिल येलिनेक नावाचा एक धनिक व्यापारी फ्रान्समधल्या नीसमध्ये डेम्लरच्या गाड्या विकायचा आणि शर्यतीत उतरवायचा. त्याच्या आग्रहावरून मायबाखने बुटकी, लांब आणि जोरकस अशी नवी गाडी घडवली. येलिनेकने तिला आपल्या मुलीचं नाव दिलं. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतीत तिने बाकीच्यांना धूळ चारली आणि पुढच्या वर्षी ते नाव कायदेशीर नोंदलं गेलं. तीन टोकांचा तारा १९०९ चा, डेम्लरवाल्यांचा. भोवतीचं पानांचं कडं बेंझचं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाचा कागद झाला, दोन्ही कंपन्यांची दमछाक झाली, आणि १९२६ च्या जूनमध्ये त्या एक होऊन डेम्लर-बेंझ झाली.

नावाबद्दल विचारलंत म्हणून पुढचंही सांगायला हवं. ब्रोशरमध्ये ते चार ओळींत येतं. हिटलरच्या काळात ही कंपनी राजवटीला उत्तम मानवली होती. मिरवणुकीतल्या त्या लांबलचक उघड्या ७७० गाड्या यांच्याच, आणि लढाऊ विमानांची इंजिनंही यांचीच. १९४४ साली कंपनीत ६३,६१० माणसं कामाला होती. त्यातली जवळपास निम्मी वेठबिगार होती: दुसऱ्या देशांतून धरून आणलेले लोक, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. हा आकडा कंपनीच स्वतः देते. पण कबुली यायला ४० वर्षं गेली. १९८० च्या दशकात अभ्यासकांना कागदपत्रं उघडून दिली आणि १९८८ मध्ये दोन कोटी मार्क मदतीसाठी दिले गेले. जर्मन कारागिरीचं कौतुक करताना हे मी विसरत नाही, एवढंच.

युद्धानंतर कारखाने जमीनदोस्त झाले होते. तिथून १९९० पर्यंतचा काळ हा मर्सिडीजचं खरं नाव झालं तो काळ. वरवर दिसणारी गोष्ट म्हणजे शर्यती. १९५५ ला ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसने मर्सिडीजची ३०० एसएलआर घेऊन इटलीतली हजार मैलांची मिले मिलिया १० तास ७ मिनिटांत जिंकली. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधल्या ल मांसच्या शर्यतीत त्याच जातीची गाडी प्रेक्षकांत घुसली, ८० च्या वर माणसं गेली, आणि वर्षअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. मर्सिडीजच्या शर्यतीच्या गाड्या चंदेरी कशा झाल्या याची एक दंतकथा आहे, की १९३४ मध्ये वजन एक किलो जास्त भरलं म्हणून रात्रीत पांढरा रंग खरवडला आणि खालचा पत्रा चमकला. इतिहासकार ती मानत नाहीत. मीही मानत नाही. एका रात्रीत अख्खी गाडी खरवडून काढायची, हे पेंटरला विचारा.

पण शर्यती राहू देत. काम चाललं होतं ते झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांच्या खोल्यांत. बेला बॅरेनी नावाचा माणूस तिथे नुसता अपघातांचा विचार करायचा. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित. त्याने उलट सांगितलं: माणसांची खोली टणक ठेवा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपू द्या, म्हणजे धडक पत्रा खाईल, बरगड्या खाणार नाहीत. पेटंट १९५१ चं, गाडीत आलं १९५९ ला. पुढे बॉशबरोबर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ मध्ये, एअरबॅग १९८१ मध्ये, दोन्ही आधी मोठ्या एस क्लासमध्ये. आज साध्या हॅचबॅकमध्येही हे सगळं असतं, ते झिरपत झिरपत तिथून आलेलं आहे.

डिझेलचंही तसंच. १९३६ ला २६० डी आली तेव्हा डिझेल म्हणजे ट्रक, बोट, पिठाची गिरणी. यांनी ते प्रवासी गाडीत घातलं आणि पहिल्यांदा उचललं टॅक्सीवाल्यांनी. १९७४ ला पाच सिलिंडरचं डिझेल आलं. मग १९७६ ला डब्ल्यू १२३ ही मालिका, तुमची २४० डी त्यातलीच. दहा वर्षांत जवळपास २७ लाख गाड्या विकल्या. सुरुवातीला एवढी रांग होती की वर्षभर जुनी गाडी नव्याच्या भावात जायची.

ती चालवाल तेव्हा निराशही व्हाल, सांगून ठेवतो. तुमच्या गाडीची ताकद ७२ पीएस, म्हणजे ७२ अश्वशक्ती. शून्यावरून १०० गाठायला २० सेकंदांहून जास्त. सिग्नलला शेजारची स्कूटर पुढे जाते. पण त्या मंदपणातच तिचं आयुष्य आहे. इंजिनावर कुठेच ताण नाही. कास्ट आयर्नचा ब्लॉक, दुहेरी पदराची टायमिंग चेन, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने याच्या आधीच्या मॉडेलची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. मधे इंजिनं बदलली, ते आलंच. २००४ मध्ये ती गाडी कंपनीने आपल्या संग्रहालयासाठी घेतली. जाहिरातवाल्यांनी लिहिलेली कुठलीही ओळ त्या मीटरपुढे फिकी आहे.

त्याच कंपनीची त्याच काळातली दुसरी गाडी म्हणजे ६००. काचा, सीट, डिकी सगळं हायड्रॉलिकवर चालायचं, आवाज शून्य. जगातले यच्चयावत हुकूमशहा तिचे गिऱ्हाईक. १९६३ ते १९८१ मध्ये फक्त २,६७७ बनल्या. लोकांच्या डोळ्यांपुढे ही गाडी येते. पण कंपनी चालली ती डिझेल टॅक्सीवर.

आपल्याकडे बनणाऱ्या वाहनांत हा तारा गाडीवर नाही, आधी ट्रकवर आला. १९५४ ला टेल्कोने, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीने, डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. करार १९६९ ला संपला; तोवर ट्रकच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असे. जुने ड्रायव्हर त्या गाडीला ‘टाटा मर्सिडीज’ म्हणत, करार संपल्यावरही म्हणत राहिले. मोटारगाडी इथे बनायला १९९५ उजाडलं. टेल्कोच्याच पिंपरीच्या कारखान्यात डब्ल्यू १२४ जोडली जाऊ लागली. गाडी अव्वल, पण त्याच वर्षी युरोपात तिची जागा घेणारं नवं मॉडेल आलं होतं आणि आपल्या पैसेवाल्या गिऱ्हाइकाला ते पक्कं ठाऊक होतं. ‘आम्हाला उतरवलेला माल देता काय?’ असा सूर लागला आणि खप जेमतेम राहिला. गंमत अशी की ज्यांनी तेव्हा ती ‘जुनी’ गाडी घेतली, त्यांच्या हातात माझ्या मते शेवटची जुन्या पद्धतीची मर्सिडीज पडली. पुढे टाटा बाहेर पडले आणि २००९ पासून चाकणचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला.

आता दुसरा प्रश्न. हो, मधे घसरण झाली. तिचं कारण लोक सांगतात तसं ‘माणसं लोभी झाली’ इतकं सोपं नाही.

जुनी पद्धत अशी होती की इंजिनिअर गाडी बनवायचे, मग हिशेबनीस खर्चाची बेरीज करायचे, त्यावर नफा चढवून किंमत ठरायची. गिऱ्हाईक निमूट द्यायचं. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस एलएस ४०० आणली. शांत, गुळगुळीत, बिघाड जवळपास नाही, आणि अमेरिकेत मर्सिडीजपेक्षा कितीतरी स्वस्त. इकडे मर्सिडीजची डब्ल्यू १४० ही नवी एस क्लास उशिरा आणि ठरल्यापेक्षा भलतीच महाग होऊन १९९१ ला बाहेर पडली. तेव्हा स्टुटगार्टच्या मुख्यालयात गणित उलटं फिरवलं गेलं: आधी बाजारातली किंमत ठरवा, त्यातून नफा काढा, उरलेल्या पैशात गाडी बसवा. व्यवहार म्हणून चूक नाही. सगळेच असं करतात. पण ज्यांना दुसऱ्या पद्धतीची सवय होती त्यांनी हे शिकताना फार ठेचा खाल्ल्या.

१९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातल्या बऱ्याच मॉडेलांत इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन झडायचं. मग १९९५ ची डब्ल्यू २१०. गोल दिव्यांची ती ई क्लास पत्रा सडण्यासाठी जगभर बदनाम झाली, तीही ज्या कंपनीचे दरवाजे तिजोरीसारखे बंद व्हायचे तिची. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वीडिश मासिकाच्या पत्रकाराने नवी ए क्लास रस्त्यात अचानक हरीण आडवं आलं तर चालक जसा हिसका देईल तशी वळवली, आणि गाडी उलटली. कंपनीने आधी कानांवर हात ठेवले, मग विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, घातलं. हे शेवटचं मला आवडतं. लाजेकाजेस्तव का होईना, महागड्या गाडीतली वस्तू छोट्या गाडीत आली आणि बाकीच्यांनाही मागे यावं लागलं.

१९९८ मध्ये क्रायस्लरशी लग्न लावलं, ३६ अब्ज डॉलरचं. घरात भांडणं, पैसा आणि लक्ष दोन्ही अमेरिकेत. २००७ मध्ये त्यातला ८० टक्के हिस्सा ७.४ अब्जाला फुंकून मोकळे झाले. तोवर घरच्या गाड्यांचे हाल चालले होते. ई क्लास आणि एसएलमध्ये ब्रेक पेडल आणि चाक यांच्यामध्ये कॉम्प्युटर बसवणारी एसबीसी यंत्रणा आली. २००४ ला ६ लाख ८० हजार गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. पुढच्या वर्षी १३ लाख, ब्रेक आणि इलेक्ट्रिकच्या कारणांसाठी. शेवटी एसबीसी गुंडाळून पुन्हा साधे हायड्रॉलिक ब्रेक लावले. बर्थाबाईंच्या चामड्यापासून फिरून तिथेच.

त्यानंतर गाडी सावरली, हेही खरं. २००७-०८ नंतरच्या गाड्यांचा पत्रा आणि एकूण जोडणी पुन्हा चांगली आहे. डिझेलच्या नावाला मात्र डाग लागला: धुराच्या चाचणीत सॉफ्टवेअरने लबाडी केल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये अमेरिकी सरकारशी दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ज्या इंजिनाने नाव कमावलं त्याच इंजिनाचं हे. आजची मर्सिडीज आरामात, वेगात, सुरक्षिततेत माझ्या २४० डीच्या शंभर पावलं पुढे आहे. फक्त ती २५ वर्षांनी कुणी नाक्यावरचा मेकॅनिक उघडेल आणि चालू करेल, अशा हिशेबाने बनलेली नाही. म्हणून कुणी मला ‘मर्सिडीज घेऊ का’ विचारलं की मी आधी साल विचारतो.

तुमचं साल १९८२. चांगलं साल आहे. ते ऐकून लगेच चेक फाडू नका.

या गाडीचं इंजिन बघायला शेवटी जा. आधी पत्रा बघा, कारण इंजिनाचं सामान आकुर्डीच्या कृपेने आजही मिळतं, पत्रा मिळत नाही. जॅक लावायच्या चारही जागी पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या मडगार्डची आतली बाजू, डिकीतलं स्टेपनीचं खोल. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्यांत पाणी ओता, ते चाकाजवळ पडलं पाहिजे. पायाखाली आलं तर फरशी सडलेली समजा.

मग इंजिन चालू करून तेलाच्या भोकाचं झाकण सैल करा आणि नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. नाचून खाली पडलं तर कंप्रेशन खाली मारतंय, रिंगा-बोअरचं काम निघालं.

किल्ली फिरवून बंद केल्यावरही इंजिन चालूच राहिलं तर घाबरू नका आणि दुखणं किरकोळ आहे हे मालकाला कळू देऊ नका. या गाडीत इंजिन बंद होतं ते व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून, वीज तोडून नाही. त्याच व्हॅक्यूमवर दारांची कुलपंही चालतात. त्यामुळे मागच्या दाराच्या कुलपातली ४० वर्षांची रबरी पडदी फाटली तरी इंजिन थांबायला कुरकुर करतं. बॉनेटखाली ‘स्टॉप’ लिहिलेली पट्टी आहे, ती दाबली की बंद. एका गिऱ्हाइकाला कुठल्याशा गॅरेजने याच दुखण्यासाठी अख्खा डिझेल पंप खोलायला लावला होता. माझ्याकडे आल्यावर हातभर रबरी नळीत काम झालं.

टापेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, शेवटचे कधी सेट केले ते विचारा. दर २५ हजार किलोमीटरला करावे लागतात. उत्तर ‘टापेट म्हणजे?’ असं आलं तर भाव आणखी पाडा. कागदपत्रं मूळ हवीत, विशेषतः परदेशातून आलेली असेल तर कस्टमचे कागद. पुनर्नोंदणी आणि ग्रीन टॅक्स भरलाय का ते आरटीओत जाऊन स्वतः बघा, मालकाच्या तोंडावर जाऊ नका.

आणि बघायला जायच्या आदल्या दिवशी फोन करून बजावा की गाडी चालू करून ठेवू नका; थंड इंजिन कसं चालू होतं तेच बघायचंय. पोचल्या पोचल्या चहा नको म्हणा, सरळ बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जा.